संबंध निश्चित

मला खोकला लागून महिना होत आला होता आणि घरात कुणालाच तो ऐकू आला नव्हता. यात घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इचलकरंजीत माणसं मागांच्या खडखडाटात जन्माला येतात, त्यातच लग्नं करतात आणि भांडायचं झालं तर ओरडून भांडतात. तिथं एका सुनेच्या खोकल्याचं काय कौतुक असणार? खटखटणारा धोटा नसलेले नवे माग आले तेव्हा आवाज कमी होईल असं सगळे म्हणत होते. तसं काही झालं नाही. जागा वाचली म्हणून मालकांनी आणखी माग बसवले.

शेवटी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा कुणाला न विचारता मी वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या प्रयोगशाळेत पद्मजा मॅडम होत्या. केस पांढरे, आवाज मास्तरणीचा. त्यांनी माझ्या हातात डबी दिली आणि अंगणात पिटाळलं. "थुंकी नकोय मला. छातीतनं वर आलेला बेडका पाहिजे. लाजू नकोस, इथं सगळे त्यासाठीच येतात."

मशीन दिसायला मिक्सरएवढं होतं आणि लोक त्याला मिक्सरच म्हणायचे. माझ्या आजीच्या काळी क्षयाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघावे लागत. त्यात दीड-दोन महिने जात. तोवर रोगी चुकीची औषधं खात राही आणि घरादाराला जंतू वाटत राही. मग काही तासांत उत्तर देणारी यंत्रं आली, पण ती एक-दोन औषधांपुरतीच बोलत. हा मिक्सर जंतूचं अख्खं जनुकीय लिखाण वाचायचा, चव्वेचाळीस लाख अक्षरं. कुठल्या जागी कुठलं अक्षर बदललंय यावरून कुठलं औषध या जंतूला मारेल आणि कुठलं तो पचवून टाकेल, हे तुमचा चहा पिऊन होईपर्यंत सांगायचा.

"क्षय आहे," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "आणि साधा नाही, औषधांना न जुमानणारा आहे. नेहमीच्या गोळ्यांपैकी दोन मोठ्या गोळ्या तुला पाण्यासारख्या आहेत. रडू नकोस, पुढचं ऐक. कुठल्या गोळ्या चालतील तेही कळलंय. सहा महिने न चुकता घेतल्यास तर बरी होशील. पहिले काही आठवडे सोडले तर तुझ्यापासून कुणाला धोकाही राहणार नाही."

"माझी मुलगी चार वर्षांची आहे," मी म्हटलं.

"तिला जपायचं. उद्या घरातल्या सगळ्यांना घेऊन ये."

अन्वीचं नाव इथेच सांगून ठेवते. पुढे जे काही झालं त्यात मला घर गेल्याचं वाईट वाटलं, नवरा गेल्याचं त्याहून कमी वाटलं. मला हवी होती ती फक्त अन्वी.

मिक्सर आणखी एक काम करायचा. मॅडमनी ते मला कॉपीचं उदाहरण देऊन समजावलं. दोन पोरांनी बरोबर उत्तर लिहिलं तर कुणी कुणाचं बघितलं ते कळत नाही. दोघांनी एकाच गणितात एकच वेडगळ चूक केली की लगेच कळतं. जंतू वाढताना स्वतःची नक्कल करत असतो, आणि वर्षा-दोन वर्षांत एखादं अक्षर चुकतो. दोन माणसांच्या जंतूंत त्याच त्या चुका सापडल्या की समजायचं, या दोघांनी एका हवेत श्वास घेतलाय. राज्यभरातल्या रोग्यांचे नमुने एका जागी साठवलेले होते, आणि नवा नमुना आला की मशीन त्याचं जवळचं नातं शोधून काढायचं आणि दोघं किती दिवस, कशा जागेत बसले असावेत याचा अंदाजही बांधायचं. एकाला बरं करणारी औषधं दुसऱ्यालाही लागू पडतील का, आणि त्या हवेत आणखी कोण बसलं होतं, हे त्यावरून ठरायचं.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी कायदाच झाला होता. ज्याच्याशी नातं जुळलं तो जिवंत असेल तर त्याला फोन करून आधी विचारायचं आणि त्यानं होय म्हटलं तरच त्याचं नाव कळवायचं. मेलेल्या माणसाची परवानगी लागत नव्हती. आणि सगळ्या घराची तपासणी व्हायला हवी म्हणून निकाल रोग्याबरोबर कुटुंबप्रमुखालाही जायचा. लपवाछपवीमुळेच हा रोग पसरतो असं सरकारचं म्हणणं होतं. म्हणणं चुकीचं नव्हतं.

मी घरी पोचायच्या आधी मेसेज पोचला होता.

माझा नवरा धैर्यशील जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्या वेळी तो मागांच्या खात्यावर कामाला असायला हवा होता. तो पुढच्या सोप्यात बसला होता, शेजारी आत्ती. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. धैर्यशीलनं फोन माझ्यापुढं धरला.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "आपल्या कुटुंबातील सदस्य सौ. ऋतुजा धैर्यशील चौगुले यांचा श्री. निखिल, वय २६, मयत, यांच्याशी संबंध: निश्चित. स्वरूप: वारंवार, बंद खोलीत. कालावधी: अंदाजे सात महिने. काळजी करू नका, सहकार्य करा."

निखिलचं आडनावही त्यात होतं. मी ते इथे लिहीत नाही. आडनाव लिहिलं की आमच्याकडचे लोक उरलेली गोष्ट वाचत नाहीत.

पुण्यातल्या कुठल्या तरी कचेरीत एसीत बसून कुणीतरी कॉन्टॅक्टचं मराठी केलं होतं. त्या शहाण्याला मराठी येत असेल, मराठी माणसं ठाऊक नव्हती. त्याच्या मनात हवेचा संबंध असेल, जंतूचा असेल. आमच्या गल्लीत बाईचा परक्या पुरुषाशी संबंध एकाच प्रकारचा असतो, आणि तो निश्चित असल्याचं आता सरकारनं कळवलं होतं.

"निखिल कोण?" धैर्यशीलनं विचारलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं माझी नणंद समृद्धी हातात सांडशी घेऊन उभी होती. निखिल मेला हे मला त्या मेसेजमधून कळलं, आणि तिलाही तेव्हाच कळलं. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. ती आत गेली, दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद केला आणि परत येऊन दारात उभी राहिली. महिन्यावर तिचं लग्न आलं होतं, जयसिंगपूरच्या खतवाल्या घरात.

निखिल तिचा होता. जॅकार्डच्या साड्यांची डिझाइनं तो कॉम्प्युटरवर करायचा आणि सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या माडीवर भाड्याच्या खोलीत राहायचा. खाली माग, पलीकडे माग. एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं तर खिडक्या गच्च लावून बसावं लागायचं. आरी वर्कच्या, भरतकामाच्या क्लासला जातो म्हणून समृद्धी घरातून निघायची, आणि एकट्या पोरीला आत्ती सोडत नसे म्हणून मी सोबत जायचे. ती दोघं बोलत बसायची आणि मी कोपऱ्यात पाठ करून आरीचं खरंखुरं काम करायचे. नाहीतर घरी दाखवायचं काय? निखिल मधेच खोकायचा. सुतामुळे होतं, म्हणायचा. मग तो एकदा सांगलीला इस्पितळात गेला आणि तिकडून फोन यायचे बंद झाले. सोबत कुणाचं येणं-जाणं होतं का, असं त्याला तिथं विचारलं असणारच. त्यानं कुणाचंच नाव सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, आपण तिला वाचवतोय.

"जंतू हवेतनं येतात हो," मी धैर्यशीलला म्हटलं. "नुसतं खोलीत बसलं तरी लागण होते. मॅडमना विचारा पाहिजे तर."

"खोलीत का बसलीस, ते विचारतोय मी."

याचं उत्तर मिक्सरकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, आणि ते दारात सांडशी घेऊन उभं होतं. मी तिच्या तोंडून ते यायची वाट बघितली. मला खरंच वाटत होतं की ती बोलेल.

नंतर भांडी घासताना ती माझ्याजवळ आली. "वहिनी, थोडं सोस गं," ती नळाचं पाणी मोठं करून म्हणाली. "आत्ता कळलं तर दादा मला जिता ठेवणार न्हाई. लग्न होऊ दे. मग मीच सगळं सांगतो दादाला."

ती लहानपणापासून घरात अशीच पोरांसारखी बोलायची, येतो, जातो, सांगतो. मला ते फार गोड वाटायचं.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि सगळे स्वच्छ निघाले, समृद्धीसुद्धा. मॅडमनी समजावून सांगितलं की मशीन फक्त बेडक्यात आलेला जंतू बघतं. दहाजणांच्या छातीत जंतू शिरला तर आजारी पडतो एखादाच. बाकीच्यांच्या छातीत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि शरीर थकलं की उठतो. म्हणून त्यांनी सगळ्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. अन्वीच्या गोळ्या मी माझ्या हातानं कुटून मधातून दिल्या. बाकीची पाकिटं आत्तीनं कचऱ्यात टाकली. लग्नाच्या घरात टीबीच्या गोळ्या दिसल्या तर पाहुणे काय म्हणतील?

मी आठवडाभर सोसलं. त्या आठवड्यात धैर्यशील माझ्या ताटाला हात लावत नव्हता, ते रोगामुळे असं मी मनाला समजावत होते. मग एका दुपारी आत्तीनं अन्वीचे कपडे माझ्या खोलीतून उचलून आपल्या खोलीत नेले. "तुझा रोग एक बरा हुईल," ती म्हणाली. "दुसरा न्हाई हुयाचा. लेकरू तुझ्याजवळ नको."

तेव्हा मी बोलले. धैर्यशील घरात होता, समृद्धी होती. मी सगळं सांगितलं, क्लास, माडी, खिडक्या. समृद्धीचं नाव मी सगळ्यात शेवटी घेतलं, कारण तोवर मला वाटत होतं की मीच तिचा विश्वासघात करतेय.

धैर्यशील समृद्धीकडे वळला. "खरं हाय?"

अन्वी तिच्याच मांडीजवळ खेळत होती. समृद्धीनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या लेकराची शपथ, दादा. वहिनी मला क्लासला सोडायची आणि फुडं जायची. कुठं ते मी कधी इचारलं न्हाई. मला वाटलं, बाजारात जात असंल."

माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. स्वतःच्या आईच्या नाही, दादाच्या नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

"तपासणीत ती स्वच्छ निघाली," धैर्यशील म्हणाला. "तू निघाली न्हाईस. मशीन काय आमचं सोयरं हाय, खोटं बोलायला?"

त्याच संध्याकाळी मला कुरुंदवाडला माहेरी आणून टाकलं. पिशवीत माझी औषधं होती आणि दोन साड्या.

पद्मजा मॅडम आपणहून आमच्या, म्हणजे चौगुल्यांच्या, घरी जाऊन आल्या. संबंध म्हणजे तसला संबंध नव्हे, हे त्यांनी आत्तीला, धैर्यशीलला, शेजारणीलासुद्धा सांगितलं. धैर्यशील म्हणाला, "तुमचंच मशीन बोललंय बाई. आता तुम्ही का सारवासारव करताय?" अशा तक्रारी बऱ्याच गावांतून गेल्या असाव्यात, कारण काही महिन्यांनी सरकारनं समिती नेमून तो शब्द बदलला. संबंध काढून त्यांनी सहवास घातला. मला पहिल्यांदा वाचून हसू आलं, मग मी तांदूळ निवडत बसले.

गोळ्यांनी मी बरी झाले. निकाल स्वच्छ आल्याचा मेसेज धैर्यशीललाही गेला असणार. त्याचं उत्तर आलं नाही. कोर्टात गेले तर मुलगी तात्पुरती आजीकडे राहू दे असं ठरलं, आईची प्रकृती बघता. ते तात्पुरतं पुढं कायमचं झालं. अन्वीला बघायचं तर शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. एकदा ती बाहेर आली, मला बघितलं आणि आधी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. तसं शिकवलं होतं तिला. रुमालाआडून ती म्हणाली, "मम्मी, तू बरी झालीस की मी हे काढणार."

मी बरी होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मी तिला म्हटलं, "हो बाळा, तोवर लावत जा." दुसरं काय बोलणार होते?

असेच आणखी काही महिने गेले, आणि एका दुपारी समृद्धी माझ्या दारात आली. जयसिंगपूरहून रिक्षा करून आली होती. तोंडावर मास्क, पाचव्या महिन्याचं पोट, आणि डोळे खोल गेलेले. उंबऱ्यातच तिला खोकल्याची उबळ आली. आई शेजारी गेली होती. मी खिडक्या उघडल्या आणि तिला खाटेवर बसायला सांगितलं.

"वहिनी," ती म्हणाली.

"आता कुणाची वहिनी मी?"

तिनं ते ऐकून घेतलं. सकाळी तिची तपासणी झाली होती. गरोदरपणात शरीर थकतं आणि छातीत झोपलेला जंतू उठतो, हे तिला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. मला ते दोन वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी अधूनमधून त्याची वाटही बघितली होती.

"दोन नावं निघाल्यात," समृद्धी म्हणाली. "एक त्याचं, दुसरं जिवंत माणसाचं. ते सांगत न्हाईत, पर तुझ्याबिगर कोण असणार? झोपलेला जंतू म्हणं अक्षरं बदलत न्हाई, म्हणून तो त्याच्याकडनं आला का तुझ्याकडनं ते मशीनला सांगता येत न्हाई. जिवंत माणसाला आधी इचारत्यात. तुला आज फोन येणार. तू हो म्हणालीस तर नुसतं तुझंच नाव आमच्या ह्यांच्या फोनवर जाईल. जिवंत माणूस हो म्हणाला की मेलेल्याचं नाव धाडत न्हाईत, त्याचं जाणारच न्हाई."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर त्याचं जाईल," ती पोटावरचा पदर सारखा करत म्हणाली. मग म्हणाली, "हो म्हणायला काय जातं वहिनी? खोटं थोडंच हाय? एका घरात राहत हुतो आपण. एका ताटात जेवलोय."

ते खोटं नव्हतं. मी तुम्हालाही तेच सांगते. तो जंतू तिला निखिलनं दिला की मी, हे आज जगातलं कुठलंच यंत्र सांगू शकत नाही.

"अन्वीचं काय?" मी विचारलं.

"बाळंत झाले की दादाला सगळं सांगते. अगदी खरं. तुझी पोरगी मी सोता आणून सोडते." सासरी जाऊन तिचं सांगतो गेलं होतं, सांगते आलं होतं.

"आत्ता लाव फोन दादाला. माझ्यासमोर सांग. मग मी हो म्हणते."

तिनं फोन हातात घेतला.  मग तो पालथा करून मांडीवर ठेवला. "माझं घर मोडंल गं. ह्या बाळाला घेऊन मी कुठं जाऊ?"

"माझं घर मोडत होतं तेव्हा तू दूध बघायला गेली होतीस."

ती रडायला लागली आणि रडताना पुन्हा खोकली. मला तिची कीव आली. अशी कीव येऊनही माणसाचं मन तसूभर हलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझा फोन वाजला तेव्हा तो मी दोघींच्या मधे ठेवला आणि स्पीकर लावला.

बाईचा आवाज होता, अगदी गोड, माणूस नसलेला. "नमस्कार. सौ. समृद्धी यांच्या उपचारासाठी आपली मदत हवी आहे. त्यांच्याशी आपला दीर्घकाळ सहवास होता का? होय असल्यास एक दाबा. नाही असल्यास दोन दाबा."

"वहिनी," समृद्धी म्हणाली. तिनं माझा हात धरला नाही. धरला असता तर काय झालं असतं, कोण जाणे.

दोन वर्षं माझ्याबद्दल सगळ्यांनी ठरवलं होतं. मशीननं ठरवलं, नवऱ्यानं, कोर्टानं, आणि पुण्यातल्या त्या शब्द शोधणाऱ्यानं. आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं घर माझ्या बोटाखाली आलं होतं, आणि ते मोडलं की माझं खरं सगळ्यांना दिसणार होतं. मला आनंद झाला. तो लपवण्यात काही अर्थ नाही. मी दोन दाबलं.

"सहकार्याबद्दल धन्यवाद," ती बाई म्हणाली.

 थोड्या वेळानं समृद्धीचा फोन मांडीवर थरथरला. तिनं तो उलटा केला. तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

"उचल," मी म्हटलं.

तिनं उचलला. "अहो, ऐका तर," एवढंच तिला म्हणता आलं, तेही दोनदा. मग पलीकडून फोन बंद झाला असावा, कारण ती नुसताच कानाला धरून बसली होती. उठताना तिनं खाटेला धरलं. मी तिला पाणीही विचारलं नाही. ती रिक्षात बसेपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मग आत येऊन पोटभर जेवले.

दुपारभर मी घर आवरत होते. अन्वीची खाट खिडकीजवळ टाकायची की माझ्या शेजारी, हे ठरत नव्हतं. इथल्या शाळेत तिला पहिलीत घेतील का, ते आईला विचारून झालं. आई म्हणाली, आधी त्यांचा फोन तर येऊ दे. तो येणार याबद्दल मला शंकाच नव्हती. दिवेलागणीला तो आला.

"समृद्धीला त्या लोकांनी हाकललं," धैर्यशील म्हणाला. कोर्ट सोडलं तर दोन वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "त्या पोराचं नाव त्यास्नी मेसेजवर गेलं. तिनं आईजवळ सगळं कबूल केलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे तू खरं बोलत हुतीस," तो म्हणाला.

 मी खाली जमिनीवर बसले. हे एक वाक्य ऐकायचं म्हणून मी औषधं घेतली होती, कोर्टात गेले होते, फाटकाशी उभी राहिले होते. "अन्वीला कधी आणता?" मी विचारलं.

"थांब जरा. तिला त्याच्याकडं नेत कोण हुतं? तू. दारात राखण कोण बसत हुतं? तू. तू नेली नसतीस तर तिला ना हा रोग लागता, ना ही पाळी येती. पाचव्या महिन्यात दारात येऊन पडलीय माझी भन. आणि आजबी तुला इचारलं तवा तू सरळ कानावर हात ठिवलास, हे तिनंच सांगितलं. असल्या बाईच्या हातात पोरगी देऊ व्हय मी?"

 नेत मीच होते, ते खरंच होतं. तेवढ्यात त्याच्या मागून खोकल्याचा आवाज आला, ओला, छातीच्या तळातून येणारा. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. मी तो महिनाभर खोकले होते. आणि लगेच अन्वी म्हणाली, "आत्या, पाणी आणू तुला? झोप माझ्या मांडीवर."

"समृद्धी कुठं आहे?" मी विचारलं.

"हितंच. माहेर सोडून कुठं जाणार? काय झालं तरी रक्ताची हाय."

सासरहून टाकलेली बाई माहेरीच आणून टाकतात. मलाही तसंच टाकलं होतं. तिचं माहेर म्हणजे माझ्या अन्वीचं घर, आणि दोन दाबताना हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला तिचं घर मोडायचं होतं. मोडलेल्या घरातून ती कुठं जाईल, एवढं मी बघितलं नव्हतं.

"अहो, ऐका माझं," मी म्हटलं. "तिचं औषध सुरू झालेलं नाही. सुरू झाल्यावरही पहिले काही आठवडे फार धोका असतो. अन्वीला तिच्या मांडीला बसू देऊ नका. खिडक्या उघडा सगळ्या. मला देऊ नका पोरगी, माझ्या आईकडंही नको, शेजारी कुणाकडं पाठवा, कुठंही पाठवा. उद्या पद्मजा मॅडमकडं घेऊन जा तिला. मी येत नाही, मी काही मागत नाही तुमच्याकडं. फक्त तिला लांब ठेवा हो."

"ठेवलीय की लांब," तो म्हणाला. "तुझ्यापासनं."